बोटीवर, खाणीत, कंपनीत राबणाऱ्यांचे दारू, टेन्शन आणि उपचारांबद्दल वारंवार येणारे प्रश्न

मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवणच्या जेटीवर, लोटे-महाडच्या कंपन्यांच्या गेटबाहेर, राजापूर-कुडाळकडच्या चिरेखाणींवर लोकांशी बोलताना आणि नंतर व्हॉट्सअपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे बहुतेक वेळा "मित्रासाठी विचारतोय" असं म्हणतात, काही हरकत नाही, मित्रासाठी विचारा. उत्तरं इथे एकत्र ठेवलीत. एखाद्याला आत्ता फिट येतेय, भास होतायत किंवा तो जीव द्यायची भाषा करतोय तर हे वाचत बसू नका, जमिनीवर असाल तर १०८, समुद्रात असाल तर कोस्ट गार्डचा १५५४.

१. मी रोज पितो, पण कामाला खाडा नाही. मग मला प्रॉब्लेम आहे असं कसं म्हणायचं?

कामाला जातो म्हणजे सगळं ठीक आहे ही आपल्याकडची सगळ्यात मोठी गैरसमजूत. अंगमेहनतीची माणसं कामाला शेवटपर्यंत जातात, आधी घर बिघडतं, मग शरीर, आणि काम सगळ्यात शेवटी. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात ते स्वतःला विचारा. कमी करायला पाहिजे असं कधी वाटलं का? कोणी पिण्यावरून बोललं की डोकं तापतं का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात थांबायला किंवा डोकं ठिकाणावर यायला घोट लागतो का? दोन किंवा जास्त "हो" आले तर एकदा डॉक्टरशी बोला. आणि शेवटच्या प्रश्नाला हो असेल तर एकदम बंद करायच्या आधी प्रश्न ६ नक्की वाचा.

२. एवढं ओझं उचलतो, पाठ मोडते, एक क्वार्टर घेतली की झोप लागते. त्यात वाईट काय?

दमलेल्या माणसाला आराम पाहिजे हे शंभर टक्के खरं आहे, त्यात कोणाला लाजवायचं काही कारण नाही. पण दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या दुसऱ्या भागात मोडते, तीन-साडेतीनला डोळे टक्क उघडतात, घाम येतो, नको ते विचार सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेला असतो. मग क्वार्टरची हाफ होते. दारूने पाणीही बाहेर पडतं, म्हणजे चिरेखाणीत मे महिन्याच्या उन्हात काम करणाऱ्याला आदल्या रात्रीची दारू चक्कर आणि उन्हाळी लागायला मदत करते. बिअर असो, देशी असो नाहीतर गोव्याची स्वस्त बाटली, शरीराला अल्कोहोल तेवढंच कळतं. हातभट्टीत तर मिथेनॉलचा धोका वेगळा, त्याने दृष्टी जाते आणि जीवही जातो.

३. दारूला हातही लावत नाही, पण मन कशातच लागत नाही. हे टेन्शन की आजार?

मासळी मिळाली नाही, डिझेलचे पैसे अंगावर आले, सुपरवायझर ओरडला, अशा दिवशी मन जाग्यावर नसणं साहजिक आहे आणि ते चार दिवसांत उतरतं. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस जवळपास रोज उदास वाटतंय, आधी ज्यात मजा यायची त्यात काहीच वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, कामात लक्ष नाही, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहे. आपल्याकडे पुरुषांमध्ये ते रडण्यातून कमी आणि चिडचिड, डोकेदुखी, छातीत धडधड, अॅसिडिटी यांतून जास्त दिसतं, म्हणून माणूस वर्षभर पित्ताच्या गोळ्या खात फिरतो. डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून थोडे जास्त. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे आम्हाला खूप भेटतात. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला न विचारता बंद करायच्या नाहीत.

४. फोन केला तर कोण उचलतं? नाव-गाव सांगावं लागतं का?

टेली मानस म्हणून सरकारी लाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. मराठी निवडता येतं. पलीकडे प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक असतो, गरज लागली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. नशेसाठी वेगळी राष्ट्रीय लाइन १४४४६, तीही फुकट. खरं नाव सांगायची बळजबरी नाही. पहिल्यांदा फोन केल्यावर काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "मी बोटीवर कामाला आहे, झोप येत नाही, दारू वाढलीय." पुढचं ते विचारतात. बोटीवरचे नेपाळी, कर्नाटकातले किंवा यूपीचे खलाशी हिंदीतून बोलू शकतात, फोनवर बोलायला आधार कार्ड लागत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं कारण त्यांना वाटतं ही सोय आपल्यासाठी नाहीच.

५. प्रत्यक्ष दाखवायचं तर कुठे?

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, मानसोपचार विभाग असतो. कुठल्या वारी डॉक्टर असतात ते आधी विचारून जा, गावातून एसटीने येऊन फुकट फेरी झाली की माणूस परत येत नाही. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चारपैकी एक, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. त्या जागेबद्दल लोकांच्या मनात भीती बसलेली आहे, "मेंटलला नेलं" असं म्हणतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, केस पेपर काढायचा, डॉक्टरला भेटायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. राहून उपचार घ्यायचे असतील तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, कोकणातले बरेच जण तिथे जातात.

६. उद्यापासून एकदम बंद करतो. चालेल ना?

रोज भरपूर आणि बऱ्याच वर्षांपासून पीत असाल तर नाही, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ऐकायला उलटं वाटेल पण अचानक बंद केल्याने जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नाडी पळते. ही शेवटची अवस्था सगळ्यात घातक आणि तिला हॉस्पिटलच लागतं.

डॉक्टरकडे हेच पाच-सात दिवस गोळ्यांवर सुरक्षित पार पडतात. एक गोष्ट लक्षात ठेवून सांगा, "पेशंट रोज दारू पिणारा आहे, ग्लुकोज लावायच्या आधी बी-वन द्यायचं का बघा." बी-वन जीवनसत्त्व कमी असलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि गडबडीत नातेवाईक दारूचं लपवतात म्हणून डॉक्टरला ते कळतच नाही. भेट मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जाणार असतील तर तोपर्यंत एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, जेवण आणि पाणी नीट ठेवा.

७. ट्रिपला गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक खलाशी बडबडायला लागला, पाण्यात माणसं दिसतात म्हणाला. सगळे म्हणाले बाधा झाली. काय करायचं असतं?

हा प्रश्न दर सीझनला येतो आणि याचं उत्तर प्रत्येक तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) पाठ असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. जेटीवर रोज पिणारा माणूस बोटीवर चढला, बरोबर नेलेली बाटली संपली किंवा नाखव्याने (बोटीच्या मालकाने) काढून घेतली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सुरू झालं, तर आधी दारू तुटल्याची लक्षणं समजायची. वर प्रश्न ६ मध्ये दिवसांचा हिशेब दिलाय तो तंतोतंत जुळतो.

त्याला एकटा सोडू नका. असे लोक भासाच्या मागे पाण्यात उडी टाकतात, म्हणून लाइफ जॅकेट घाला, कडेपासून आत केबिनकडे आणा, सुरी-कोयता बाजूला करा. उजेड ठेवा, अंधारात भास वाढतात. त्याच्या ओळखीच्या एकाच माणसाने शांतपणे बोलत राहायचं, "तू बोटीवर आहेस, मी अमुक, आपण बंदराकडे चाललोय." दोरीने बांधणं, मारणं, तोंडावर सारखं पाणी मारणं नको. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर थोडं थोडं पाणी द्या, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका, दारूसुद्धा नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवत बसू नका, किती मिनिटं चालली ते बघा. आणि बोट वळवा. जाळं अर्धं भरलंय म्हणून थांबू नका. व्हीएचएफच्या (बोटीवरच्या वायरलेसच्या) चॅनेल १६ वर सांगा, नेटवर्क असेल तर १५५४. जेटीला लागायच्या आधीच १०८ बोलावून ठेवा, आणि डॉक्टरला शेवटची दारू कधी, रोज किती, आधी कधी फिट आली होती का, एवढं सांगणारा माणूस बरोबर पाठवा.

गाऱ्हाणं घालायचं असेल, देवाला कौल लावायचा असेल तर जरूर लावा, श्रद्धेला आमचा विरोध नाही. फक्त हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर.

८. बंदीच्या दोन महिन्यांत दारू जास्तच वाढते. त्या काळात काय करता येईल?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, हातात काम नाही, कमाई नाही, बाहेर पाऊस, आणि दिवसभर नाक्यावर बसणं. पिणं वाढणारच. पण आमचं म्हणणं असं की उपचारांसाठी वर्षातली हीच सगळ्यात चांगली वेळ आहे. सीझनमध्ये माणूस डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाऊच शकत नाही, ट्रिप लागते, गोळ्या संपतात, तारीख चुकते. बंदीत सलग साठ दिवस मिळतात. इंजिनचं काम आपण बंदीतच काढतो, शरीराचंही तेव्हाच काढा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरला भेटा. पहिले पाच-सात दिवस दारू सुटण्याचे, ते एकतर ऍडमिट होऊन नाहीतर घरी रोजच्या देखरेखीखाली. राहायच्या केंद्रात जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी कोर्स महिनाभराच्या आसपास असतो, म्हणजे जूनमध्ये गेलेला जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घरी येतो आणि बोटी सुटायच्या आधी त्याला दोन-तीन आठवडे गावात राहून, नाक्यावरून ये-जा करून, मित्रांना नाही म्हणायची सवय करून बघता येते. ही मधली सवय खूप महत्त्वाची, केंद्रातून थेट बोटीवर चढलेले बरेच जण टिकत नाहीत. राहायला परवडत नसेल तर सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागातून दर आठवड्याला गोळ्या आणि समुपदेशन, याने पण लोकांची सुटते.

अडचण पैशाची. बंदीत घर नाखव्याच्या ऍडव्हान्सवर चालतं आणि तो ऍडव्हान्स माणसाच्या हातात पडतो. त्याच्याशी शुद्धीत असताना बोलून, त्याच्या संमतीने, अर्धी रक्कम बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर टाकायचं ठरवा. चिरेखाणीपण पावसात बंद असतात, कलमांच्या बागेतल्या गड्यांचं काम आंब्यानंतर कमी होतं, त्यांनाही हेच गणित लागू आहे.

९. माझो घोव बोटीर जाता, घराक इलो की रोज पिता. जेवणात घालूची पावडर मिळता ती देव काय?

नको, अजिबात देऊ नका. त्या पावडरीत काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. आणि दुकानातून आणून चोरून घातलेली गोळी डायसल्फिरम (दारू सोडवायचं औषध) असेल तर वरून दारू प्यायल्यावर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि यात माणूस जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण तपासून, त्याला सगळं सांगून, त्याच्या मर्जीने.

तुम्ही काय करू शकता? तो प्यायलेला असताना वाद घालू नका, सकाळी बोला. उधाऱ्या फेडणं, कंपनीत खोटं कारण सांगणं, हे हळूहळू थांबवा. मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१, त्यात नवऱ्याची बदनामी वगैरे काही नाही, जीव आधी. आणि तुमची स्वतःची झोप, तुमचं स्वतःचं मन, यासाठीही १४४१६ ला फोन करता येतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट आहेत, मुक्तांगणसारख्या ठिकाणी बायकांसाठी वेगळं काम चालतं. नवरा तयार होईपर्यंत तुम्ही थांबलंच पाहिजे असं नाही.

१०. जबरदस्तीने उचलून केंद्रात टाकता येतं का?

गाडी आली, चार माणसं उतरली आणि झोपेतून उचलून नेलं, असं करणाऱ्या जागांपासून लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत, त्यामुळे पेशंटला त्या कायद्याचे सगळे हक्क मिळतात. स्वतःहून दाखल झालेला माणूस घरी जायचं म्हणाला तर त्याला बसवून ठेवता येत नाही, गरज वाटली तर तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल, निर्णय घ्यायची अवस्थाच नसेल, तर नातेवाईकाच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर दाखल करता येतं, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधायला कायद्याने पूर्ण बंदी. केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतात का विचारा, घरच्यांना भेटू देतात का विचारा. भेटू देत नसतील तर तिथून परत या.

११. कंपनीत कळलं तर काढून टाकतील ना?

दोन गोष्टी वेगळ्या करा. कामावर पिऊन येणं हा बहुतेक कंपन्यांच्या नियमात गैरवर्तनाचा भाग आहे, त्यावर कारवाई होऊ शकते, केमिकल कंपनीत तर व्हायलाच हवी कारण एका माणसाच्या चुकीने सगळी शिफ्ट जाते. पण उपचार घेणं हे गैरवर्तन नाही. म्हणून पकडले जायच्या आधी स्वतःहून सांगितलेलं केव्हाही बरं.

आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे, दुसऱ्याच्या जीवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद सोडून. कंपनीच्या डॉक्टरशी बोलताना मात्र आधी सरळ विचारा, "साहेब, यातलं एचआरला काय जाणार?" मॅनेजमेंटला काम करायला फिट आहे की नाही एवढं समजलं तरी पुरतं. कंत्राटी कामगाराची बाजू इथे कमजोर असते हे खरं, ठेकेदार दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतो. तुम्ही कंत्राटी असाल तर उपचार बाहेर सिव्हिलला सुरू करा आणि सर्टिफिकेटवर किती लिहायचं ते डॉक्टरशी बोलून ठरवा.

१२. उपचारांसाठी सुट्टी घेतली तर पगार?

पगार स्लिपवर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात (पगाराच्या ०.७५ टक्के) दिसते का बघा. साधारण २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू असते, कंत्राटी असला तरी. हजेरीची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. तीव्र मानसिक आजार लांबलेल्या आजारांच्या यादीत आहे, त्याला मुदत जास्त. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारही कव्हर करायला विमा कंपनी कायद्याने बांधील आहे, पण पॉलिसीतल्या अटी वाचून घ्या. बोटीवरच्या खलाशाला यातलं बहुतेक काही नाही. म्हणून त्याच्यासाठी प्रश्न ८.

१३. भाऊ कामावर पडला, थोडी घेतलेली होती. मालक म्हणतो भरपाई मिळणार नाही. खरं का?

अर्धवट खरं. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेला नियम असा की कामगार नशेत होता आणि थेट त्यामुळेच दुखापत झाली तर मालकाची जबाबदारी राहत नाही. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे कारण पुढे करता येत नाही. शिवाय अपघात दारूमुळेच झाला हे दाखवावं लागतं. विंचला (दोर-जाळं ओढायच्या यंत्राला) गार्डच नव्हतं, शिडी मोडकी होती, तर "वास येत होता" एवढ्यावर विषय संपत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, हॉस्पिटलचे कागद जपून ठेवा, कामगार कार्यालयात किंवा वकिलाकडे जा.

१४. दारू नाही, पण पाठदुखीची गोळी रोज लागते. हेही व्यसन का?

चिरे उचलणाऱ्यांमध्ये, बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्यांमध्ये हे भरपूर आहे आणि यावर कोणी बोलत नाही. साध्या पेनकिलरने नशा येत नाही, पण रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनी खराब होते, उन्हात घाम गाळणाऱ्याची जास्त लवकर. ट्रामाडॉलसारखी गोळी मात्र अफूच्या जातीतली आहे, तिची सवय लागते, २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. एकीच्या दोन लागतात, नाही घेतली तर अंग मोडतं, नाक गळतं, जुलाब होतात, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरला नाव सांगून दाखवा. दारू सोडायची नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी चालू करणार असतील तर ट्रामाडॉल किंवा गर्द (ब्राऊन शुगर) घेताय हे आधी सांगणं फार गरजेचं, दोन्ही एकत्र चालत नाही.

१५. गांजा, गर्द घेतो. उपचाराला गेलो तर डॉक्टर पोलिसांना कळवतील का?

उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त असते, प्रश्न ११ बघा. त्यापलीकडे, अमली पदार्थांच्या कायद्यातच अशी तरतूद आहे की स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. विकणाऱ्याला हे लागू नाही.

१६. मर्चंट नेव्हीत आहे. मानसोपचाराच्या गोळ्या सुरू आहेत हे मेडिकल तपासणीत सांगू का?

सांगा. लपवून चढलात आणि मध्येच गोळ्या संपल्या किंवा त्रास वाढला तर पुढच्या बंदरापर्यंत कोणी मदत करू शकत नाही, शिवाय खोटी माहिती दिली म्हणून कंपनीचा हात वर. तब्येत स्थिर आहे असं तज्ज्ञाचं पत्र घेऊन जा. प्रत्येक गोळी अनफिट करत नाही, कुठली गोळी आणि कुठली ड्युटी यावर ठरतं. गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट न्या, आखाती देशांत काही झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांवर कडक बंदी आहे. जहाजावर चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा तुमचा हक्क आहे, नुसत्या कागदावर भरलेले तास मनाला विश्रांती देत नाहीत म्हणून ते खरे मागा. दारूची आंतरराष्ट्रीय मर्यादा रक्तात ०.०५ टक्के, बऱ्याच कंपन्यांची शून्य. बोलायला कोणी नसेल तर सीफेअररहेल्प ही खलाशांसाठीची चोवीस तास फुकट सेवा आहे, हिंदीत बोलता येतं.

१७. डबल ड्युटी केली की झोपच येत नाही. झोपेची गोळी घेऊ?

मेडिकलमधून मनाने नको, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. १७-१८ तास सलग जागा असलेला माणूस साधारण ०.०५ टक्के दारू रक्तात असल्यासारखा चुका करतो, न पिता. म्हणजे डबल मारून बाइकने घाट उतरणारा धोक्यातच आहे. नाइटनंतर घरी जाऊन लगेच झोपा, खोली काळोखी करा, शिफ्टच्या शेवटच्या तासांत चहा टाळा. तीन-चार आठवडे झाले तरी झोप बसत नसेल तर डॉक्टर.

१८. कंपनीत स्फोट झाला, समोर माणूस गेला. महिना झाला, अजून आवाज झाला की अंग थरथरतं.

पहिले काही आठवडे असं होणं अगदी साहजिक आहे. फयान (२००९), निसर्ग (२०२०), तौक्ते (२०२१) ही वादळं झेललेले लोक आजही वारा फिरला की रात्री उठून बसतात. पण महिना उलटूनही तेच चित्र डोळ्यांसमोर येतंय, त्या जागी पाय जात नाही, झोपेत ओरडताय, ते दाबायला दारू सुरू झालीय, तर त्याला खास उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. आजूबाजूच्यांना एकच विनंती, त्याला सारखं "नक्की काय झालं सांग" असं विचारू नका. सांगेल तेव्हा ऐका. आणि कंपनीने दुसऱ्याच दिवशी त्याला त्याच प्लांटला उभं करू नये.

१९. मी नाखवा आहे, ठेकेदार आहे. मी काय करणं अपेक्षित आहे?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, विचारलात त्याबद्दल मनापासून आभार. चांगलं काम झालं म्हणून बाटली द्यायची पद्धत बंद करा, रोख द्या नाहीतर जेवण द्या. ट्रिपच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारा, शेवटची कधी घेतली, हात थरथरतात का, गोळ्या बरोबर आहेत का. जो रोज पितो त्याची बाटली जेटीवर काढून घेऊन त्याला तसाच समुद्रात नेऊ नका, प्रश्न ७ तिथेच सुरू होतो, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा आणि परत आल्यावर जागा मिळेल हे सगळ्यांसमोर सांगा. प्यायलेला दिसला तर विंच, क्रेन, गाडी यावरून उतरवा, शिव्या न देता. दुसऱ्या दिवशी बोला.

२०. बायकांचं काय? माझी मशेरी सुटत नाही.

मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि मासळी विकणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, कॅनिंगला जाणाऱ्या बायकांमध्ये पहाटेची भूक मारायला ती लागते. तंबाखू सोडायची सरकारी लाइन १८००-११२-३५६, फुकट. तोंडात पांढरा-लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं असेल तर लगेच दाखवा. दारू पिणाऱ्या बायकाही आहेत, त्यांना बदनामीची भीती जास्त म्हणून त्या सगळ्यात उशिरा येतात. त्यांनी १४४४६ पासून सुरुवात करावी.

२१. आठ महिने सोडली होती, शिमग्याला परत प्यायलो. सगळं संपलं का?

नाही. आठ महिने वाया गेले नाहीत, शरीर तेवढं सुधारलेलं आहे. आजच डॉक्टरला किंवा ज्यांच्यामुळे सोडली त्यांना फोन करा, गणपतीपर्यंत थांबू नका. पालखी, गणपती, चाकरमानी मित्र आले, पगार झाला, भांडण झालं, हे धोक्याचे दिवस आधीच माहीत असतात, त्या दिवसांत कोणाबरोबर राहायचं ते आधी ठरवा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) मीटिंगला पैसे लागत नाहीत, गावात नसेल तर ऑनलाइन मराठी मीटिंग होतात. माळ घालून सोडलेलेही कित्येक आहेत, माळ आणि गोळी एकत्र चालते.

२२. मित्र म्हणतो "आता बस झालं, जगायचं नाही." त्याला सरळ विचारू का, की विचारल्याने डोक्यात येईल?

सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार येत नाही, उलट हलकं वाटतं. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, बागेत फवारायची औषधं दुसऱ्याच्या घरी कुलुपात ठेवा, दारू देऊ नका, त्याच्यासमोरच १४४१६ लावा, किंवा थेट सिव्हिलला घेऊन जा. पोलिस केसच्या भीतीने घरी लपवू नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

२३. उपचार चालू आहेत, परत बोटीवर कधी जाऊ?

डॉक्टरला नुसतं "काम करू का" विचारू नका, काम काय ते नीट सांगा, रात्री जाळं ओढतो, विंचजवळ उभा असतो, दहा दिवस किनारा नाही. सुरुवातीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, ती उतरेपर्यंत विंच आणि सुकाणू नको. पहिली ट्रिप छोटी मागा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बोटीवर एका तरी माणसाला खरं सांगून ठेवा. खोकल्याचं औषध घ्यायचं असेल तर त्यात अल्कोहोल नाही ना ते बघा, विशेषतः डायसल्फिरम चालू असेल तर. आणि गोळ्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, ट्रिपचे जेवढे दिवस असतील त्याहून चार-पाच दिवसांच्या जास्त.